नामंजुरीचा अधिकार

हेलिकॉप्टरविषयी सर्वसाधारण मनुष्याची कल्पना अशी असते की, विमानाला धावपट्टी लागते, वेग लागतो, मोकळे आकाश लागते. हे यंत्र मात्र वाटेल तेथे थबकू शकते, जागच्या जागी तरंगू शकते, शाळेच्या मैदानात उतरू शकते, सबब हवा बिघडली असता विमानापेक्षा याच्यावरच भरवसा ठेवणे शहाणपणाचे. स्वच्छ हवेत ही कल्पना खरी आहे. ढगात ती सर्वस्वी खोटी ठरते. जागी तरंगत राहण्यासाठी वैमानिकाच्या दृष्टीला बाहेरचा काही ना काही आधार, एखादे झाड, छपराची कड, जमिनीवरची खूण, अखंड लाभावा लागतो. तो आधार सुटला की मंद वेगातले हेलिकॉप्टर स्वतःचा तोल स्वतः सांभाळीत नाही, आणि कानातील ज्या तोलेंद्रियावर आपण जन्मभर निर्धास्तपणे विसंबलेले असतो ते इंद्रिय अल्पावधीतच उलटसुलट साक्ष देऊ लागते. म्हणूनच केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची अनुज्ञा ज्या हेलिकॉप्टरला मिळते त्याला एक किमान वेग नेमून दिलेला असतो आणि त्या वेगाखाली ढगात राहण्याची मनाई असते. ज्या गुणाकरिता हे यंत्र जन्मास आले तोच गुण ढगात निरुपयोगी व्हावा, आणि खाली येण्यासाठी त्यालाही विमानासारखाच आधी आखलेला, मोजलेला आणि मंजूर झालेला मार्ग लागावा, ही विसंगती ध्यानात घेतल्याखेरीज पुढील विवेचनाचे प्रयोजन कळणार नाही.

असा मार्ग म्हणजे वैमानिकांच्या नित्याच्या बोलण्यातील ‘अप्रोच’. कोणत्या बिंदूपासून कोणत्या दिशेने निघावे, कोणत्या टप्प्यात किती उंचीच्या खाली जाऊ नये, वेग किती राखावा, आणि ठरलेल्या ठिकाणी पोहोचूनही जमीन दृष्टीस न पडल्यास कोणत्या बाजूने पुन्हा वर चढून जावे, हा सर्व मजकूर एका पानाच्या नकाशावर छापलेला असतो. विमानाचा अप्रोच धावपट्टीच्या तोंडाशी नेऊन सोडतो. हेलिकॉप्टरच्या अप्रोचला पुष्कळदा ते साधत नाही, कारण रुग्णालयाच्या गच्चीभोवती इमारती, तारा आणि मनोरे यांची एवढी दाटी असते की ढगातून थेट गच्चीपर्यंत निर्धोक उतार आखताच येत नाही. यावर तोडगा म्हणून उपग्रहांच्या आधारे हवेतच एक बिंदू मुक्रर करतात. त्याला ‘पॉइंट-इन-स्पेस’ असे नाव आहे. शेवटच्या टप्प्यात अडथळ्यांच्या माथ्यावर सामान्यतः 75 मीटरचे अंतर राखून वैमानिकाला त्या बिंदूपर्यंत आणले जाते. तेथवर नेण्याची हमी पद्धतीची. तेथून पुढचा जिम्मा डोळ्यांचा. यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात बिंदूपासून हेलिपॅडपर्यंतच्या शेवटच्या पट्ट्यातील अडथळेही मोजलेले असतात, आणि हेलिपॅड वा त्याच्या नेमलेल्या खुणा दिसल्या म्हणजे वैमानिकाने पुढे जावयाचे असते. दुसऱ्यात त्या पट्ट्याविषयी पद्धती मौन पाळते, आणि दृष्टीच्या जोरावर उडण्यापुरती हवा मोकळी आहे की नाही याचा निवाडा वैमानिकाने स्वतः करावयाचा असतो. नकाशावर हा भेद दोनतीन शब्दांत आटोपलेला असतो. रात्री अत्यवस्थ रुग्णाला घेऊन येणाऱ्या वैमानिकाच्या दृष्टीने तो शासनाने दिलेल्या हमीच्या आतला व बाहेरचा भेद असतो.

अशी पद्धती प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणीतरी ती प्रत्यक्ष उडून पाहावी आणि तिच्यावर आपला शेरा द्यावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. या चाचणीकडे साधारणपणे एक अखेरचा उपचार म्हणून पाहिले जाते: आराखडा तयार आहे, गणित बरोबर आहे, खर्च झालेला आहे, आता एकदा उडून यावे आणि सही करावी. माझे प्रतिपादन याच्या उलट आहे. या चाचणीचा सारा अर्थ नामंजुरीच्या शक्यतेत साठवलेला आहे. ज्या व्यवस्थेत चाचणी-वैमानिकाला ‘नाही’ म्हणता येत नाही, किंवा म्हटलेले ‘नाही’ दप्तरात जिरून जाते, त्या व्यवस्थेतील ‘होय’ या शेऱ्याला मोल राहत नाही.

हे विधान पटण्यासाठी थोडे मागे जाणे इष्ट आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकारंभी अमेरिकेत टपालाची विमाने चालविणाऱ्या एल्रे जेपसेन नावाच्या वैमानिकाने दहा सेंट मोजून एक काळी वही विकत घेतली, आणि आपल्या वाटेवरील उतरण्याच्या जागांची लांबी, त्यांचा उतार, भोवतालचे अडथळे, फार काय, हवेची विचारपूस करता यावी म्हणून वाटेवरच्या शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकसुद्धा तीत टिपून ठेवण्यास आरंभ केला. टेकड्यांची व धुराड्यांची उंची ठाऊक नसे तेव्हा हा गृहस्थ उंचीमापक बरोबर घेऊन स्वतः त्यांवर चढत असे. सहकाऱ्यांकडून या वहीच्या प्रतींची मागणी होऊ लागली आणि 1934 पासून त्या दहा डॉलरला विकल्या जाऊ लागल्या. आज जगभरच्या वैमानिककक्षांत त्याचे नाव असलेले नकाशे दिसतात त्यांचा उगम हा असा आहे. मला या हकीकतीत उद्योजकतेपेक्षा दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. जेपसेनच्या वहीत मार्ग आखणारा, मार्ग तपासणारा आणि मार्गाने जाणारा हे तिघे एकाच कातडीत वावरत होते. उंची चुकीची टिपली गेली असती तर त्या चुकीचे प्रायश्चित्त टिपणाऱ्यालाच भोगावे लागले असते. आज आराखडा करणारा तंत्रज्ञ ज्या दरीत पद्धती आखतो ती दरी त्याने पाहिलेली असतेच असे नाही, आणि जो वैमानिक ती वापरणार त्याला आराखडा करणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. श्रमविभाग हा आधुनिक व्यवस्थेचा अपरिहार्य धर्म आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण या विभागणीत जे जोखमीचे भान दोघांच्या मध्ये गळून पडले ते पुन्हा उचलून घेणारा एकच मनुष्य उरतो, आणि तो म्हणजे पद्धतीची चाचणी घेणारा वैमानिक. पद्धती प्रसिद्ध होण्यापूर्वी तोच काय तो आराखडा करणाऱ्याच्या आकड्यांवर स्वतःचा जीव ठेवतो.

येथे दोन निरनिराळ्या तपासण्यांची गल्लत होऊ देता कामा नये. रेडिओ वा उपग्रहाचा संकेत त्या त्या ठिकाणी शुद्ध मिळतो किंवा कसे हे पाहणारी एक तपासणी असते. तिला ‘फ्लाइट इन्स्पेक्शन’ म्हणतात, आणि ती बहुतांशी विमानात बसविलेल्या मापनयंत्रांचे काम असते. ‘फ्लाइट व्हॅलिडेशन’ ही दुसरी. संकेत शुद्ध असूनही मार्ग वाईट असू शकतो. तो उडण्याजोगा आहे काय, त्यावरचे अडथळे कागदावर आहेत तेवढेच व तेथेच आहेत काय, नकाशा वाचणाऱ्याला तो एकाच अर्थाने कळतो काय, याचा निर्णय दुसऱ्या तपासणीने द्यावयाचा असतो. तिच्याआधी कार्यालयात बसून केलेली छाननी होते, आणि ती मूळ आराखडा करणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने करावी असा संकेत आहे. त्या छाननीची साधने आता फार सूक्ष्म झाली आहेत. उपग्रहाधिष्ठित अचूक उतरणीत शेवटच्या टप्प्याचे आकडे एका बंदिस्त संचात गुंफलेले असतात आणि त्यांच्या शेवटी बत्तीस बिटांचा एक पडताळ्याचा अंक जोडलेला असतो. वाटेत एक आकडा जरी बदलला तरी तो पडताळा जुळत नाही आणि विमानातील यंत्र संपूर्ण संच नाकारते. योजना सुरेखच आहे. परंतु तिची निष्ठा आकड्यांवर आहे, वस्तुस्थितीवर नाही. टेकडीवरच्या मनोऱ्याची उंची मुळातच तीस मीटर कमी धरून आराखडा झाला असेल, तर हा पडताळा त्या चुकीचेही तितक्याच काटेकोरपणे रक्षण करील आणि ती अबाधित स्वरूपात वैमानिकापर्यंत पोहोचवील. तो मनोरा खरोखर किती उंच आहे हे सांगण्यासाठी कोणीतरी त्याच्या शेजारून जावे लागते.

जाणारा चाचणी-वैमानिक कधी जातो? लख्ख उजेडात, स्वच्छ हवेत. अडथळे डोळ्यांनी पाहावयाचे तर दुसरा मार्ग नाही. या गोष्टीचा जितका विचार करावा तितकी ती विलक्षण वाटते: जी पद्धती ढगासाठी, धुक्यासाठी, पावसाळी रात्रीसाठी निर्माण झाली तिची परीक्षा अशा दिवशी होते की ज्या दिवशी तिची कोणालाच गरज नसते. तिची परीक्षा घेणारा मनुष्यही असा निवडलेला असतो की ज्याला ती बहुधा जड जाणार नाही. हजारो तासांचा अनुभव असलेला, ताजातवाना, आराखड्याचा प्रत्येक बिंदू आधी अभ्यासून आलेला, आणि शेजारच्या आसनावर अडथळ्यांची यादी घेऊन बाहेर पाहत बसलेला जोडीदार लाभलेला. अशा मनुष्याला पद्धती सोपी गेली यावरून ती सोपी आहे असे अनुमान काढणे हा तर्कदोष आहे. चाचणीचे कौशल्य हातांच्या सफाईत फारसे नसते. आपले ज्ञान क्षणभर बाजूस ठेवून, हाच नकाशा प्रथमच पाहणारा, थकलेला, रेडिओवर एकाच वेळी दोघांना उत्तर देणारा, पाठीमागच्या रुग्णाच्या कण्हण्याने अस्वस्थ झालेला वैमानिक या वळणावर काय करील याची शिस्तबद्ध कल्पना करणे, हे त्याचे खरे काम. कादंबरीकाराला लागणारी परकायाप्रवेशाची शक्ती या रुक्ष तांत्रिक कामात लागावी, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल. मला ते अगदी स्वाभाविक वाटते.

एक उदाहरण जवळून पाहू. विमानाच्या उतरणीचा कोन सामान्यतः तीन अंशांचा असतो. हेलिकॉप्टरला याहून तीव्र उतार मानवतो, आणि अडचणीच्या जागी तो सहा अंशांच्या आसपास नेण्याचा मोह आराखडा करणाऱ्याला होतो, कारण कोन वाढविला की वाटेतले निम्मे अडथळे आपोआप खाली राहतात. सहा अंशांत प्रत्येक सागरी मैलामागे सुमारे 640 फूट उतरावे लागते. वेग सत्तर नॉट धरला आणि वारा पडलेला असला तर हा दर मिनिटाला साडेसातशे फुटांच्या जवळ येतो. एवढे कुशल हाताला कठीण नाही. आता पाठीमागून वीस नॉटचा वारा आला अशी कल्पना करा. हवेतला वेग तोच, सत्तर. जमिनीवरचा वेग नव्वद. आणि उताराची रेषा धरून ठेवण्यासाठी मिनिटाला साडेनऊशे फुटांहून अधिक वेगाने खाली जाणे भाग. वैमानिक शक्ती कमी करतो, यंत्र हलके होऊन घसरू लागते, आणि ठरलेल्या बिंदूवर ढगाबाहेर येताच समोर हेलिपॅड दिसते, ते अपेक्षेहून जवळ. आता त्याला हा सगळा वेग मोडावयाचा आहे. वाऱ्याकडे पाठ असताना तो जसजसा मंदावतो तसतसा हवेतला वेग जमिनीवरच्या वेगाच्या आधीच संपत येतो. खाली जाण्याचा दर मात्र अद्याप पुरता आवरलेला नसतो, आणि अशा अवस्थेत चक्रपाती आपणच खाली लोटलेल्या हवेच्या भोवऱ्यात बुडू लागतात. वैमानिक ज्याला ‘व्होर्टेक्स रिंग’ म्हणून ओळखतात आणि ज्यात शक्ती वाढविली तर घसरण थांबण्याऐवजी वाढते, तो हाच सापळा. चाचणी ज्या निवांत सकाळी झाली त्या सकाळी यांतले काहीच दिसलेले नसते. मापनपत्रावर साडेसातशेचा आकडा आणि त्यापुढे ‘समाधानकारक’ असा शेरा. जाणता चाचणी-वैमानिक अशा वेळी सही करीत नाही. तो वारा असलेल्या दिवशी पुन्हा येतो, नाहीतर कोन कमी करा, दिशा बदला, किंवा अमुक वाऱ्यापलीकडे ही पद्धती वापरू नये असे नकाशावर छापा, असा आग्रह धरतो. आराखडा पुन्हा फिरतो, महिने जातात, आणि ज्याने पैसे मोजले तो संतापतो.

नकाशाच्या संदिग्धतेने काय होते याचा दाखला हेलिकॉप्टरचा नाही. तो एका मोठ्या प्रवासी विमानाचा आहे, आणि तो जुना झाला तरी त्याची धार गेलेली नाही. 1 डिसेंबर 1974 रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे बोइंग 727 विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत असताना व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि विमानातील 92 जण, म्हणजे सर्वच्या सर्व, मृत्यू पावले. विमानतळ अद्याप चव्वेचाळीस मैल दूर असताना नियंत्रकाने अप्रोचची परवानगी दिली. वैमानिकांनी तिचा अर्थ असा घेतला की आता 1,800 फुटांपर्यंत उतरण्यास हरकत नाही. नियंत्रकाच्या मते वाटेतल्या डोंगराची उंची राखण्याची जबाबदारी वैमानिकांची होती. नकाशा दोघांसमोर होता आणि दोघांनी त्याचा वेगवेगळा अर्थ घेतला. चौकशी मंडळाचेही एकमत झाले नाही. पाचांपैकी दोघा सदस्यांनी भिन्न मत नोंदविले. त्याहून खेदाची गोष्ट ही की, सहा आठवड्यांपूर्वीच दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच ठिकाणी त्याच गैरसमजातून थोडक्यात बचावले होते, त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते, परंतु ती वार्ता कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही. असे निसटते प्रसंग सर्वांना कळावेत म्हणून नासाच्या देखरेखीखाली 1976 मध्ये निनावी निवेदनांची जी योजना सुरू झाली तिच्यामागे हा अपघात आहे. डलेसच्या त्या अप्रोचच्या पद्धतीत एकही आकडा खोटा नव्हता, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो पोरकट नाही. आक्षेप असा की, हेलिकॉप्टरसाठी ढगातल्या पद्धती जितक्या वाढतील तितके वैमानिक ढगात शिरण्यास प्रवृत्त होतील. आज पद्धतीच्या अभावी जो जमिनीवर राहतो तो उद्या नकाशा हाती आहे म्हणून निघेल, आणि आपण सुरक्षिततेच्या नावाखाली धाडसाला उत्तेजन देऊ. या आक्षेपाला बळ देणारी घटनाही दाखविता येते. 27 सप्टेंबर 2008 च्या रात्री मेरीलँड राज्याच्या पोलिसांचे डॉफिन हेलिकॉप्टर मोटार-अपघातातील दोन जखमींना घेऊन निघाले असता हवा बिघडली, आणि ते अँड्रूज येथील हवाई तळाकडे वळले. तेथे धावपट्टी होती, प्रस्थापित अप्रोच होता, दिवे होते. वैमानिकाला उताराचा संकेत मिळेना. त्याने नियंत्रकाकडे रडारच्या साह्याने उतरवून घेण्याची विनंती केली, तेव्हा त्या कामाचा आपला सराव चालू नसल्याचे उत्तर आले. जमीन दिसावी म्हणून तो वेगाने खाली उतरत गेला, किमान उंची ओलांडली तरी थांबला नाही, आणि पाचांपैकी चौघे गेले. उत्तमोत्तम पद्धतीसुद्धा सराव नसलेल्या हातांना तारीत नाही, एवढे यावरून सिद्ध होते, आणि ते मी विनातक्रार मान्य करतो. परंतु पद्धती नसत्या तर लोक घरी बसले असते, हे मात्र यावरून सिद्ध होत नाही. कॅलिफोर्नियात 26 जानेवारी 2020 रोजी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जणांना घेऊन पडलेले सिकोर्स्की हेलिकॉप्टर ज्या कंपनीचे होते तिला केवळ दृष्टीच्या जोरावर उडण्याचाच परवाना होता. तरी ते ढगात शिरले. आपल्या देशात कुन्नूरजवळ 8 डिसेंबर 2021 रोजी जनरल बिपीन रावत ज्यात होते त्या लष्करी हेलिकॉप्टरविषयी चौकशीचा निष्कर्षही हाच की, हवामान एकाएकी पालटल्याने ते ढगात सापडले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले. ढग कोणाच्या परवान्याकडे पाहत नाहीत. ढगात सापडलेल्या मनुष्याला बाहेर येण्याची एक तपासलेली वाट असणे आणि नसणे यांत मी असण्याची बाजू घेईन. फक्त ती वाट खरोखर तपासलेली असली पाहिजे.

येथेच पैशाचा प्रश्न उपस्थित होतो. सार्वजनिक विमानतळाची पद्धती शासनाच्या खर्चाने होते. रुग्णालयाच्या वा खाजगी कंपनीच्या हेलिपॅडची पद्धती अनेक देशांत त्या संस्थेच्याच खर्चाने, खाजगी तज्ज्ञांकरवी करून घेतली जाते. अमेरिकेत अशा विशेष पद्धती पुष्कळ आहेत आणि त्यांनी प्राण वाचविले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याने आराखडा केला त्याचाच चाचणी-वैमानिक, आणि दोघांचे देयक भागविणारा तोच ज्याला ‘होय’ हवे आहे, अशी रचना झाली म्हणजे रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानेच डांबराची जाडी मोजून दाखला द्यावा त्यातला प्रकार होतो. ठेकेदार अप्रामाणिकच असतो असे माझे म्हणणे नाही; प्रामाणिक मनुष्यालाही आपल्याच कामातील वैगुण्य दिसत नाही, एवढेच मी म्हणतो.

शासकीय तपासनीसांना तरी हा रोग होत नाही काय? होतो, त्याचे स्वरूप निराळे असते. 26 ऑक्टोबर 1993 रोजी अमेरिकेच्या संघीय विमानप्रशासनाचेच तपासणीचे विमान व्हर्जिनियातील फ्रंट रॉयल गावानजीक ढगाने झाकलेल्या डोंगरावर आदळले आणि त्यातील तिघेही मृत्यू पावले. उपकरणांच्या नियमांनुसार जाण्याची परवानगी मिळण्याची वाट पाहत ते दृष्टीच्या नियमांनी डोंगराळ भागात उडत होते. इतरांसाठी ढगातली वाट निर्धोक करण्याचे ज्यांचे काम, ते वाटेविना ढगात गेले. चौकशीत प्रमुख वैमानिकाच्या निर्णयाबरोबरच त्याच्या वरिष्ठांच्या व्यवस्थापनावरही ठपका आला. या अपघाताचा विचार करताना मला प्रश्न पडतो की, प्रमुख वैमानिकाला शेजारच्या दुय्यम आसनावरून ‘नको’ म्हणता आले असते काय. ज्या खात्यात दुय्यम आसनावरच्या मनुष्याचे ‘नको’ ऐकले जात नाही, त्या खात्याने दुसऱ्याच्या आराखड्याला ‘नको’ म्हणावे ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची? आणि हे काम मुळातच जोखमीचे आहे, हे दुबईला 16 मे 2019 रोजी पुन्हा दिसले. विमानतळाच्या यंत्रणांची तपासणी करणारे एक छोटे विमान पुढे गेलेल्या अजस्र विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडून पडले आणि चौघांचे प्राण गेले. असो.

आपल्याकडची स्थिती पाहू. भारतीय अवकाश संशोधन संस्था आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून, सुमारे 774 कोटी रुपये खर्चून, ‘गगन’ ही उपग्रहसंकेतांची शुद्धी करणारी यंत्रणा उभारली. भूचुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे आपल्या डोक्यावरचा आयनांबराचा थर फार चंचल असतो आणि संकेतांना तो वेडावाकडा विलंब लावतो. ती अडचण ओलांडून 2015 मध्ये उंचीचेही मार्गदर्शन देण्यास ही यंत्रणा प्रमाणित झाली, हे आपल्या तंत्रज्ञांचे भूषणच होय. 28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानात किशनगड येथे एक एटीआर विमान या यंत्रणेच्या आधारे उतरविण्यात आले, आणि जून 2023 मध्ये जुहूहून पुण्याला हेलिकॉप्टर अशाच मार्गदर्शनाने आणून आशियातील पहिले प्रात्यक्षिक झाल्याचे जाहीर करण्यात आले. जुहू-पुणे हा मार्ग निवडला हे मला फार उचित वाटते. जे. आर. डी. टाटांनी 1932 च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल आणून जेथे उतरविले, आणि जेथून आज मुंबई हायच्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरांची रोजची ये-जा चालते, ते जुहू एका टोकाला. मध्ये आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस ढगांत बुडालेला सह्याद्रीचा कडा. आणि दुसऱ्या टोकाला पुण्याच्या पश्चिमेकडील टेकड्या, ज्यांवर दर वर्षी नव्या इमारती चढत आहेत. हेलिकॉप्टरच्या पद्धतीला जे जे प्रश्न विचारावयाचे ते सर्व या छोट्याशा मार्गावर विचारता येतात.

पण प्रात्यक्षिक ही चाचणी नव्हे. प्रात्यक्षिक यशस्वी व्हावे म्हणूनच योजलेले असते. चाचणी अयशस्वी होण्यास मोकळी असावी लागते. 2 ऑक्टोबर 2024 च्या सकाळी धुक्यात, पुण्यानजीक बावधन येथे, जुहूकडे जाण्यासाठी खाजगी हेलिपॅडवरून उठलेले दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर काही मिनिटांतच कोसळले आणि दोन वैमानिक व एक अभियंता मरण पावले. प्रसिद्ध पद्धती असती तर ते वाचलेच असते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि मी तसे म्हणत नाही. प्रात्यक्षिकाच्या वाटेवरचे दुसरे टोक असे उघडे होते, एवढेच मी दाखवितो: यंत्रणा आकाशात होती, हेलिपॅड जमिनीवर होते, आणि त्या दोहोंना जोडणारा तपासलेला कागद मध्ये असावयास हवा होता.

केदारनाथचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि माझ्या मुद्द्याची कसोटी तेथेच लागते. 15 जून 2025 रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात पडून सात जण गेले, तेव्हा त्या दरीतही उपग्रहाधिष्ठित मार्ग आखावेत अशी मागणी सहजच पुढे येते. मागणी सद्भावनेची आहे. परंतु केदारनाथ 3,500 मीटरहून उंचावर आहे. दरी अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती, तिसऱ्या बाजूला शिखर. अप्रोचमध्ये उतरण्यापेक्षा परत चढण्याचा भाग, म्हणजे ‘मिस्ड अप्रोच’, अधिक निर्णायक असतो: विमानाच्या पद्धतीत मिस्ड अप्रोचसाठी अडीच टक्के चढ गृहीत धरतात, हेलिकॉप्टरच्या बिंदूपद्धतीत 4.2 टक्के; आणि विरळ हवेत, पूर्ण भाराने, वळण्यास जागा नसताना तो चढ साधेल की नाही हा पहिला प्रश्न आहे. शिवाय त्या मार्गावर बहुधा जी एक-इंजिनी हेलिकॉप्टरे चालतात ती ढगात उडण्यासाठी सज्ज केलेली नसतात. त्यांच्यासाठी पद्धती छापणे म्हणजे जो दरवाजा उघडता येत नाही त्याची किल्ली वाटणे होय. अशा दरीत पाठविलेला चाचणी-वैमानिक जर ‘येथे पद्धती होऊ शकत नाही’ असा शेरा घेऊन परतला, तर त्याची मोहीम फसली असे मी मानणार नाही. तो शेरा सही-शिक्क्यानिशी प्रसिद्ध झाला तर हवामान बिघडताच उड्डाणे बंद ठेवण्याच्या हुकुमाला एक तांत्रिक आधार मिळेल, आणि यात्रेच्या हंगामात ‘जरा बघून या, जमते का’ असा तगादा लावणाऱ्यांना दाखविण्यासाठी वैमानिकाच्या हाती कागद राहील.

अडचण ही की असे शेरे प्रसिद्ध होण्याची चाल कोठेच नाही. मंजूर पद्धती अठ्ठावीस दिवसांच्या ठरलेल्या चक्रानुसार जगभर छापली जाते. नामंजूर झालेली कोणाच्या तरी कपाटात पडून राहते, आणि दहा वर्षांनी दुसरा कोणी त्याच दरीत त्याच आशेने पुन्हा आराखडा करावयास बसतो. आपल्याकडे आराखड्याचे काम प्रामुख्याने विमानतळ प्राधिकरण करते, तपासणीचे विमानपथकही त्याच्याच छत्राखाली आहे, आणि मंजुरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची असते. ही मांडणी मोडून टाकावी असे मी सुचवीत नाही. चाचणी-वैमानिकाची नेमणूक, बढती व वेतन आराखडा करणाऱ्या शाखेच्या हाती नसावे. त्याचा अहवाल, विशेषतः नकाराचा, महासंचालनालयाकडे थेट जावा आणि कारणांसह जाहीर व्हावा. हेलिपॅडच्या मालकाशी त्याचा पत्रव्यवहारही नसावा. एवढ्या तरतुदीला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

राहता राहिला काळाचा प्रश्न. प्रसिद्ध पद्धतीची फेरतपासणी निदान पाच वर्षांतून एकदा व्हावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मोठ्या विमानतळाभोवती इमारतींच्या उंचीवर निर्बंध असतात, म्हणून तेथे पाच वर्षे चालून जातात. हेलिपॅडचे तसे नाही. बावधन किंवा हिंजवडीच्या बाजूला पाच वर्षांत काय काय उभे राहते हे पुणेकरांना सांगावयास नको. आणि इमारतीपेक्षा ती बांधणारी क्रेन अधिक उंच असते, एका रात्रीत उभी राहते, आणि कोणत्याच नकाशावर येण्यापूर्वी निघूनही जाते. यास्तव हेलिपॅडच्या पद्धतींना पाच वर्षांची मुदत मला फार दीर्घ वाटते. ती दोन वर्षांवर आणावी, पालिकेने बांधकामाची परवानगी देताना क्रेनच्या उंचीची एक प्रत पद्धती सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे पाठवावी, आणि ज्या वैमानिकाने ती पद्धती तपासून सही केली त्याला, वरिष्ठांची अनुमती येण्याची वाट न पाहता, एका सूचनेने ती त्याच दिवशी स्थगित करता यावी.